डोक्याच्या दुखण्याला हृदयाची फाईल

मेंदूज्वर हा शब्द विदर्भाला नवा नाही. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना एक नवा विषाणू सापडला आणि त्या लहानशा गावाचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात याच विषाणूच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. तेव्हापासून पावसाळ्यात एखाद्या मुलाला ताप आला, झटके आले, शुद्ध हरपली, की आपल्याकडे घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा मेंदूज्वरच येतो. ते बरोबरही आहे. पण या भीतीच्या सावलीत मेंदूचा एक दुसरा संसर्ग दडून राहतो. तो साथीने येत नाही, डासाने किंवा वाळूमाशीने पसरत नाही आणि ठरावीक मुलांनाच गाठतो. त्याचे मूळ डोक्यात नसते, हृदयात असते. जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गळवाविषयी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. जे लिहिले आहे ते वैद्यकातील छापील मजकूर वाचून समजून घेतलेले आहे, आणि यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून लिहिलेले आहे.

हृदयाचा आणि मेंदूतल्या पुवाचा संबंध काय, हे समजायला रक्ताचा रस्ता पाहावा लागतो. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते, तिथून फुप्फुसात जाते, प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला येते आणि पुन्हा शरीरभर जाते. फुप्फुस फक्त प्राणवायू देते असे आपण शाळेत शिकतो. ते आणखी एक काम करते, आणि त्याबद्दल पाठ्यपुस्तकात फारसे काही नसते. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांची जाळी गाळणीसारखी असते. रोज दात घासताना, कडक भाकरी चावताना, किडलेल्या दाढेतून, कधी खरचटल्यावर थोडे जंतू रक्तात शिरतच असतात. त्यातले बरेचसे या गाळणीत अडकतात आणि तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

काही मुलांच्या हृदयात उजवीकडचे रक्त फुप्फुसात न जाता पडद्याच्या छिद्रातून थेट डावीकडे जाते. यातला सर्वांत ओळखीचा दोष म्हणजे ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’. मार्सेयचे डॉक्टर फॅलो यांनी १८८८ साली त्याचे नीट वर्णन केले. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड, असे चार दोष एकत्र. अशा मुलाचे ओठ, जीभ, नखे निळसर दिसतात. बोटांची टोके हळूहळू फुगीर, गोल होतात. चार पावले धावले की ते मूल उकिडवे बसते. आईला वाटते खेळून दमले. प्रत्यक्षात पाय दुमडून बसल्याने पायांकडे जाणारे रक्त अडते आणि फुप्फुसाकडे थोडे अधिक ढकलले जाते. मुलाने हा उपाय स्वतःच शोधून काढलेला असतो.

या मुलांच्या रक्ताचा काही भाग गाळणी चुकवून मेंदूत पोहोचतो, आणि त्याबरोबर जंतूही. पण नुसते जंतू पोहोचून भागत नाही. निरोगी मेंदूच्या ऊतीत त्यांना सहसा मूळ धरता येत नाही. इथे दुसरी गोष्ट मदतीला येते. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर लाल पेशी वाढवत जाते. रक्त दाट होते, सावकाश वाहते, आणि मेंदूच्या बारीक वाहिन्यांत कुठेकुठे तुंबते. तिथली ऊती गुदमरते, आणि त्या मेलेल्या कणभर जागेत जंतूंना घर मिळते. गाळणी चुकणे आणि रक्त दाट होणे या दोन गोष्टी जुळल्या की गळू होते. हृदयदोष आणि मेंदूतला पू एकाच रुग्णात असल्याची नोंद फार यांनी इंग्लंडमध्ये १८१४ सालीच केली होती.

दाट रक्ताचा मुद्दा यवतमाळात वेगळ्या रीतीने महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. जुलाब-उलट्यांचे दिवस वेगळेच. निळ्या मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की आधीच दाट असलेले रक्त आणखी घट्ट होते. अशा मुलाला उन्हाळ्यात तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजत राहणे हा मेंदू जपण्याचा भाग आहे. तसेच रक्ताच्या रिपोर्टचे. आपल्याकडे हिमोग्लोबिन आठ-नऊ असल्याची सवय झाली आहे, त्यामुळे एखाद्या मुलाचे अठरा निघाले तर घरचे खूश होतात. हाडकुळ्या, दमणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन अठरा असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा आणि हृदय तपासावे. उलट निळ्या म्हणून माहीत असलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन बारा-तेरा असेल तर कागदावर ते छान दिसते, पण त्या मुलाच्या दृष्टीने ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. त्याच्या वाहिन्यांत रक्त गोठण्याचा धोका त्याने वाढतो.

वयाचा हिशोबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. निळ्या बाळांच्या आजाराची पायाभूत मांडणी करणाऱ्या अमेरिकेतील डॉ. हेलन टॉसिग यांच्या काळापासून बालहृदयरोगात एक ठोकताळा शिकवला जातो. निळ्या मुलाच्या मेंदूला अचानक काही झाले आणि वय दोन वर्षांच्या आत असेल, तर बहुधा रक्ताची गुठळी. दोनच्या पुढे असेल, तर गळू नाही हे सिद्ध होईपर्यंत गळूच धरावे. अपवाद असतात, पण ठोकताळा अजून टिकून आहे. चार ते सात या वयात गळवांचे प्रमाण सर्वाधिक आढळते. म्हणजे अंगणवाडीतून पहिलीत जाण्याचे वय. टॉसिगबाईंना ऐकू कमी येत असे आणि त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची धडधड वाचत, ही हकीकत मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

गळू एका रात्रीत होत नाही. आधी मेंदूचा तो भाग नुसता सुजतो आणि लाल होतो. साधारण पहिले नऊ दिवस ही सूज वाढत जाते, मध्यभाग मऊ पडतो. दहाव्या दिवसापासून शरीर त्याभोवती भिंत बांधू लागते आणि दोन आठवड्यांनी पुवाची पक्की पिशवी तयार होते. हे दिवस प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ठरवलेले आहेत, माणसात थोडे मागेपुढे होतात. सूज असतानाच ओळखले तर कधीकधी नुसत्या प्रतिजैविकांवर भागते. पिशवी झाल्यावर बहुधा कवटीला छिद्र पाडून सुईने पू काढावा लागतो. या पिशवीची मेंदूच्या आतल्या पोकळीकडची भिंत पातळ असते. ती त्या बाजूला फुटली तर पू मेंदूच्या पाण्यात मिसळतो, आणि मग मूल वाचणे अवघड होते.

म्हणजे हातात थोडे दिवस असतात. किती? मेंदूतल्या गळवांच्या १९३५ ते २०१२ या काळातल्या रुग्णांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली छापून आला. त्यात सर्व वयांचे, सर्व कारणांचे ९,६९९ रुग्ण होते. पहिल्या लक्षणापासून दवाखान्यात दाखल होईपर्यंत सरासरी आठ दिवस गेले होते. ताप, डोकेदुखी आणि शरीराच्या एका भागातली कमजोरी ही पुस्तकातली तीन लक्षणे एकत्र असलेले रुग्ण शंभरात फक्त वीस. डोकेदुखी शंभरात ६९ जणांना. ताप ५३ जणांना. हा शेवटचा आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. जवळपास निम्म्या रुग्णांना ताप नव्हताच. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अनेकदा वाढलेल्या नसतात. ‘ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही’ हा आपला रोजचा तर्क इथे फसतो.

आता हे आठ दिवस आपल्या जिल्ह्यात कसे जातील ते पाहू. यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा. समजा, झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर सहा वर्षांची मुलगी आहे. तिच्या हृदयाला छिद्र आहे हे दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या तपासणीत कळले होते. टू-डी इको झाला, ऑपरेशन सांगितले, तारीख लांबली, कापसाचा हंगाम आला, ते राहून गेले. फाईल घरातल्या पेटीत आहे. भादव्यात तिचे डोके दुखू लागते. पहिल्या दिवशी ऊन लागले असेल. दुसऱ्या दिवशी शाळेचा कंटाळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. हिवतापासाठी रक्ताचा नमुना घेतात, तापाचे औषध देतात. यात चूक कोणाचीच नाही, या भागात हिवतापासाठी रक्त पाहिलेच पाहिजे. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी उलटी. मुलगी चिडचिड करते, झोपून राहते, डाव्या हातातून वाटी सुटते. कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी म्हणते अशक्तपणा. आठव्या-नवव्या दिवशी आकडी येते. मग १०८ची गाडी, पांढरकवडा, आणि तिथून यवतमाळ, म्हणजे शंभरएक किलोमीटर. दाखल करताना बाप सांगतो, ताप होता, झटका आला. हृदयाचे तो सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. फाईल पेटीतच राहिलेली असते. डोक्याच्या दुखण्याला हृदयाची फाईल कशाला न्यायची?

आणि नेमका इथेच मेंदूज्वराचा जुना धाक आडवा येतो. ताप आणि झटके असलेल्या मुलाच्या पाठीतले पाणी काढून तपासणे ही मेंदूज्वराच्या किंवा मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या संशयात योग्य तपासणी आहे. गळू असेल तर तीच धोक्याची ठरते. कवटीत पुवाच्या पिशवीने दाब वाढलेला असतो. खाली पाठीतून पाणी काढले की वरचा मेंदू खाली सरकू शकतो आणि श्वासाचे केंद्र दाबले जाऊ शकते. शिवाय त्या पाण्यातून गळवाचा जंतूही बहुधा सापडत नाही. म्हणून निळ्या मुलात आधी स्कॅन, पाठीतले पाणी नंतर, आणि तेही स्कॅनने मुभा दिली तरच. हा क्रम डॉक्टरांना ठाऊक असतो. पण काळ्यासावळ्या, तापलेल्या, झटका येऊन गेलेल्या मुलाच्या ओठांचा निळेपणा रात्री दोन वाजता वॉर्डातल्या उजेडात दिसेलच असे नाही. झटक्यात कोणतेही मूल निळे पडते. पेटीतली फाईल सोबत असती तर क्रम आपोआप बदलला असता.

दोन्हींतला फरक चालीचाही आहे. चांदीपुरा विषाणूचा आजार झपाट्याने चढतो, कित्येकदा एक-दोन दिवसांत सगळे संपते. गळू दबक्या पावलाने येते. ‘डोके किती दिवसांपासून दुखते आहे?’ हा साधा प्रश्न म्हणूनच फार कामाचा आहे. उत्तर ‘आठ दिवस’ असेल तर विचाराची दिशा बदलायला हवी.

यंत्राशिवाय हे कितपत ओळखता येते, याचे उत्तर ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेन या शल्यविशारदाने देऊन ठेवले आहे. १८७६ साली त्याने एका मुलाला नुसते नीट पाहून मेंदूच्या पुढच्या डाव्या भागात गळू आहे असे निदान केले. घरच्यांनी ऑपरेशनला नकार दिला, मूल गेले, आणि शवविच्छेदनात सांगितलेल्या जागीच गळू सापडले. १८९३च्या त्याच्या ग्रंथात गळवावर ऑपरेशन झालेल्या १९ रुग्णांपैकी १८ बरे झाल्याची नोंद आहे. यातले अनेक वाहत्या कानातून झालेले होते. क्ष-किरणांचा शोधही तेव्हा लागलेला नव्हता! पण मॅकइवेन एकच होता, आणि त्याच्या पद्धतीवर आपल्याला जिल्हा चालवता येणार नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला आणि अंदाजाचे काम संपले. वर सांगितलेल्या आढाव्यात जुन्या काळी शंभरातले चाळीस रुग्ण दगावत. अलीकडच्या काळात दहा. स्कॅनबरोबर प्रतिजैविके आणि शस्त्रक्रियाही सुधारल्या, तरी स्कॅनचा वाटा मोठा आहे.

सीटी स्कॅन आता जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्मिळ राहिलेला नाही. रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन केला तर गळू अंगठीसारखे, कडेने उजळलेले दिसते. भारतात अशी अंगठी दिसली की क्षयाची गाठ किंवा फीतकृमीची अळी हेही मनात येते आणि घोटाळा होऊ शकतो. इथेही हृदयाची फाईल जवळ असणे निर्णय सोपा करते. एमआरआय अधिक स्पष्ट सांगतो, पण त्याला वेळ लागतो आणि लहान मुलाला गुंगी द्यावी लागते. निळ्या मुलाला गुंगी देणे जोखमीचे. ते फार रडले तरी प्राणवायू एकदम घसरू शकतो. सीटी काही मिनिटांत होतो, आई शेजारी उभी राहू शकते. पहिली पायरी म्हणून तोच बरा, असे मला वाटते.

किती मुलांचा हा प्रश्न आहे? २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर वर्षाला चाळीसेक हजार जन्म. हजारी आठ बाळांना हृदयदोष असतो, म्हणजे सव्वातीनशे. त्यातले पाचवा ते चौथा हिस्सा निळे, म्हणजे साठ ते ऐंशी. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशोब आहे. यातली काही बाळे पहिल्याच महिन्यात जातात, काहींचे ऑपरेशन वेळेवर होते. उरलेल्यांना गळवाचा धोका. दुरुस्त न झालेल्या निळ्या हृदयदोषात निरनिराळ्या रुग्णालयांनी हे प्रमाण शंभरात पाचपासून अठरापर्यंत नोंदवले आहे. मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्यांचेच हे आकडे असल्याने ते थोडे फुगलेले असणार. तरी जिल्ह्याच्या दृष्टीने ही मुले मोजता येण्याइतकी थोडी आहेत. प्रत्येकाचे नाव एका वहीत मावेल.

आणि वही आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पथकाचे काम दोष शोधून पुढे पाठवणे. ऑपरेशनपर्यंतच्या मधल्या महिन्या-वर्षांत त्या मुलाचे डोके दुखले तर काय करायचे, हे मात्र पालकाला, आशाताईला आणि वर्गशिक्षकाला तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. यादी पथकाकडे, डोकेदुखी शाळेत, स्कॅन यवतमाळात, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बऱ्याचदा नागपूर; उमरखेडकडच्यांना नांदेड जवळ. या चार ठिकाणांना जोडणारा धागा म्हणजे फाईलच्या पहिल्या पानावरचे एक वाक्य. ते ठळक अक्षरांत मराठीत असावे: ‘या मुलाला निळा हृदयदोष आहे. नवी डोकेदुखी, उलटी, गुंगी, झटका किंवा एका बाजूची कमजोरी दिसल्यास, ताप नसला तरी, त्याच दिवशी मेंदूचा स्कॅन करावा. त्याआधी पाठीतले पाणी काढू नये.’

न सापडलेल्या मुलांसाठी एक वस्तू गावोगाव पोहोचलेली आहे. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी फिरणाऱ्या पथकांच्या हातात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यातले चालू असतील ते शांत बसलेल्या मुलाच्या बोटाला लावून पाहता येतील. मोठ्यांचा चिमटा लहान बोटावर नीट बसत नाही, मेंदी असेल तर आकडा फसवा येतो, सावळ्या कातडीवर तो थोडा जास्त दाखवतो. पण पुन्हा पुन्हा नव्वदच्या खाली येत असेल आणि मुलाला खोकला-दम नसेल, तर हृदय तपासायला पाठवावे.

दातांचेही सांगितले पाहिजे. या गळवांतले नेहमीचे जंतू तोंडात राहणाऱ्या साखळी-जंतूंच्या कुळातले असतात. निळ्या मुलाची किडलेली दाढ म्हणून क्षुल्लक नसते. दात काढण्यापूर्वी त्याला प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो; दंतवैद्याला हृदयाचे आधी सांगितले तरच तो देईल. इथेही फाईल न्यायची. कान वाहत असेल तर तोही अंगावर काढू नये.

गळू सापडल्यावर उपचार लांबलचक असतो. पू काढणे, सहा-आठ आठवडे शिरेतून प्रतिजैविके, मधून मधून पुन्हा स्कॅन, झटक्यांच्या गोळ्या. मजुरी करणाऱ्या आईबापांना एवढे दिवस परगावी राहणे हेच मोठे संकट, आणि ताप उतरला की मुलाला घेऊन घरी परतण्याचा मोह होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च निघू शकतो, बुडालेली मजुरी निघत नाही. गळू पूर्ण बरे झाल्यावरच हृदयाचे ऑपरेशन करतात. फॅलोच्या दोषाची दुरुस्ती आता बहुधा पहिल्या वर्षातच करतात. ती वेळेवर झाली तर उजवीकडचे रक्त पुन्हा गाळणीतून जाऊ लागते आणि हा धोका खूपच कमी होतो.

ज्यांचे ऑपरेशन राहिले त्यांचे नाव अठरा वर्षे पूर्ण होताच बाल कार्यक्रमातून निघते. अशी काही मुले-मुली आज वीस-बावीसची आहेत, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आहेत, पुण्या-मुंबईकडे कामाला गेली आहेत. त्यांनी निघताना पेटीतली फाईल सोबत न्यावी, आणि डोके दुखले तर ती घेऊनच दवाखान्यात जावे.